मानसिक भयपट, अतींद्रिय

भूत खरं की भास, याचा निकाल शक्यतो शेवटपर्यंत लांबवणारा भयपटाचा प्रकार. मराठी घरात या प्रश्नासाठी जुना, नेमका शब्द आहे : ‘बाहेरचं’. ताप उतरेना की म्हातारी माणसं आवाज खाली आणून ‘बाहेरचं काही नाही ना, बघा’ म्हणतात. हे चित्रपट ‘बाहेरचं’ आणि ‘डोक्यातलं’ यांच्यामधल्या उंबऱ्यावर घडतात. भाषासुद्धा दोन्हीकडे एकच क्रियापद वापरते : वेड लागतं, भूतही लागतं.

साहित्यसमीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली साहित्याबद्दल हेच मांडलं. वाचक जोवर डळमळतो तोवर कथा या प्रकारात. उत्तर मिळालं की ती शेजारच्या प्रकारात गेली. हेन्री जेम्स यांच्या १८९८च्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधली शिक्षिका भुतं पाहते की कल्पते, यावर अजून वाद होतो. १९६१ साली या कथेवर ‘द इनोसंट्स’ हा चित्रपट आला.

हौशी प्रेक्षकाला तोदोरोव्ह ठाऊक नसतो, पण प्रश्न तोच पडतो. इंदुरात तो रात्रीचा शो सुटल्यावर सराफ्यात सोडवला जातो. सोन्याची दुकानं बंद झालेली, त्यांच्या ओट्यांपुढं कढया चढलेल्या. हातात भुट्ट्याच्या कीसाचा द्रोण घेऊन रामबाग या मराठी वस्तीतली मंडळी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत भांडतात : ‘भिया, भूत-बीत काही नव्हतं, त्याचं डोकंच सटकलं होतं.’ (इंदुरी ‘भिया’चा भीतीशी संबंध नाही; तो ‘भैया’ आहे.) तक्रारी ठरलेल्या : फार संथ आहे, आणि भूत नीट दाखवलंच नाही. पहिली रास्त असू शकते. दुसरी मात्र या प्रकाराच्या मुळावरच येते, कारण इथं दचकवण्यापेक्षा रिकामा व्हरांडा, लांबत जाणारी शांतता आणि ज्याच्या नजरेनं पाहतो त्याच्यावरचा उडत चाललेला विश्वास हीच सामग्री असते.

या भांडणाला उत्तम खाद्य म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘द शायनिंग’ (१९८०). बर्फात अडकलेल्या हॉटेलात तिथल्या राखणदाराला, जॅकला, माणसं दिसतात, तेव्हा बहुधा आसपास आरसा असतो. म्हणजे तो स्वतःशीच बोलतोय असं म्हणायला जागा राहते. मग बायको त्याला कोठीच्या खोलीत कोंडते. दाराला बाहेरून अडसर. पलीकडून एक आवाज त्याच्याशी बोलतो आणि अडसर सरकल्याचा खट्ट आवाज येतो. ‘डोकं सटकलं’वाल्यांची इथं पंचाईत होते. अडसर बाहेरून होता, काढला कुणी?

उलट टोक म्हणजे फाजील यांचा मल्याळम ‘मणिचित्रताळू’ (१९९३). तिथं मानसोपचारतज्ज्ञ येऊन नायिकेला आजार असल्याचं सांगतो. तोदोरोव्हच्या हिशेबानं चित्रपट तिथंच या प्रकारातून बाहेर पडतो. पण उतारा काय? मांत्रिक बोलावून मांडलेला विधी आणि माणसाऐवजी पुढं केलेला पुतळा. दवाखान्याची फाइल आणि अंगाऱ्याची पुडी एकाच कपाटात ठेवणाऱ्या घरात यात कुणाला काही खटकत नाही. २००७चा हिंदी ‘भूल भुलैया’ याच कथेवर बेतलेला.