स्क्वॉश कॅसरोल

स्क्वॉश कॅसरोल : भोपळ्याच्या जातकुळीतील स्क्वॉश, दुधाचा दाट सॉस आणि चीज पसरट भांड्यात एकत्र करून, वरचा थर खरपूस होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. उत्तर अमेरिकेत त्याला कॅसरोल, फ्रान्समध्ये ग्रातँ आणि जर्मनीत आउफलाउफ म्हणतात. ज्या भांड्यात भाजला त्याच भांड्यातून तो गरमागरम वाढतात. थंडीच्या दिवसांत कधी तेच मुख्य जेवण असते, कधी भाजलेल्या मांसाबरोबरचे तोंडीलावणे.

हा पदार्थ थंडीचाच का, याचे उत्तर साठवणीत आहे. हिवाळ्यात शेत गोठलेले आणि गोठ्यात दूध बेताचे असे, तेव्हा उन्हाळ्यात साठवलेल्या दोन गोष्टी घरात असत : जाड सालीचे जून स्क्वॉश आणि दुधाचे टिकाऊ रूप असलेले चीज. आल्प्सच्या कुरणांत उन्हाळाभर चरलेल्या गाईंच्या दुधाचे ग्रुयेर चीज महिनोन्महिने मुरवून थंडीत कापले जाते, ते याच हिशेबाने. त्यात चूल किंवा ओव्हन तासभर पेटता राहिला की घरालाही ऊब मिळे.

'हिवाळी स्क्वॉश' या नावाने मात्र हमखास गोंधळ होतो. ही फळे हिवाळ्यात पिकत नाहीत. लागवड उन्हाळी आणि हिवाळी या दोन्ही प्रकारांची उन्हाळ्यातच होते. फरक आहे तो तोडणीचा. झुकिनी किंवा पिवळ्या मानेचे स्क्वॉश कोवळे असतानाच तोडतात. साल नखाने टोचता येते, बिया मऊ असतात आणि फळ आठवड्याभरात सुकू लागते. बटरनट, एकॉर्न, हबर्ड, काबोचा हे प्रकार वेलीवर पुरते जून होऊ देतात. ते देठासकट तोडून (देठ तुटला की त्या जागेतून कूज शिरते) साधारण दहा दिवस २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात, म्हणजे साल कडक होते आणि ओरखडे भरून येतात. एकॉर्नला ही ऊब मानवत नाही, म्हणून ते तसेच ठेवतात. पुढे १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागेत एकॉर्न महिना-दोन महिने, बटरनट दोन-तीन महिने आणि हबर्ड पाच-सहा महिनेही टिकते. फ्रिजमध्ये ठेवणे हे टिकवण्याचे नसून बिघडवण्याचे लक्षण, कारण १० अंशांखालच्या थंडीने अख्ख्या फळाला इजा होते. ठेवणीत गरातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. म्हणूनच काबोचा किंवा हबर्ड तोडल्या तोडल्या खाण्यापेक्षा महिन्याभराने अधिक गोड लागते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी फळे कुकुर्बिटा प्रजातीची. झुकिनी, एकॉर्न आणि शेवयांसारखा गर निघणारे स्पॅगेटी स्क्वॉश हे कुकुर्बिटा पेपो या जातीचे, हबर्ड आणि काबोचा हे मॅक्सिमाचे, बटरनट मोस्काटाचे. बटरनट त्यांतले अगदी अलीकडचे असून ते १९४०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तयार झाले. मान लांब व भरीव, बिया फक्त खालच्या फुगीर भागात, साल पातळ. कॅसरोलसाठी सर्वांत जास्त तेच वापरले जाते आणि ते योग्यच आहे, कारण एवढ्या कमी कष्टांत एवढा सलग गर दुसऱ्या कुठल्या प्रकारातून मिळत नाही.

स्क्वॉश हे माणसाने लागवडीखाली आणलेल्या अमेरिका खंडातील सर्वांत जुन्या पिकांपैकी एक आहे. मेक्सिकोतील वाहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत सापडलेल्या पेपो जातीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील हौडेनोसौनी (इरोक्वाय) हे मूळ रहिवासी मका, शेंगावर्गीय घेवडा आणि स्क्वॉश एकाच वाफ्यात लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. मक्यावर घेवडा चढे, स्क्वॉशची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवत. मिझुरी नदीच्या वरच्या भागातील हिदात्सा जमातीच्या स्त्रिया स्क्वॉशच्या चकत्या कापून, ओवून, वाळवून थंडीसाठी ठेवत. स्क्वॉश हा शब्दही नॅरागॅन्सेट या तिथल्याच मूळ रहिवाशांच्या भाषेतील 'आस्कुटास्क्वॉश'वरून आला आहे. त्याचा अर्थ कच्चे खाल्ले जाणारे असा, म्हणजे मूळ शब्दाचा रोख कोवळ्या फळांकडे होता.

दूध, लोणी आणि चीज मात्र युरोपातून आले. उलट दिशेने स्क्वॉश युरोपात पोचायलाही फार वेळ लागला नाही. कोलंबसच्या पहिल्या सफरीनंतर पंधरा-सोळा वर्षांतच फ्रान्समधील एका प्रार्थनापुस्तकाच्या पानावर त्याची वेल रंगवलेली दिसते. या पदार्थाचा जन्म एका देशाच्या नावावर करता येत नाही तो यामुळे : फळ एका खंडाचे, दुभते दुसऱ्याचे.

नावांविषयी थोडे. कॅसरोल हा मुळात भांड्याचा फ्रेंच शब्द; पुढे भांड्यातल्या पदार्थालाच तो चिकटला. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील तियान या पदार्थालाही असेच त्याच्या मातीच्या भांड्याचे नाव मिळाले आहे. ग्रातँचा उगम वेगळा आहे. 'ग्रात्ते' म्हणजे खरवडणे, आणि भांड्याला धरलेला जो खमंग थर खरवडून काढतात तो ग्रातँ. मराठीत यासाठी 'खरवड' हा नेमका शब्द आहे. आज ग्रातँ म्हणताना वरचा थर डोळ्यांपुढे येतो, पण चव शोधणारे आजही चमचा कडेला आणि तळालाच घालतात.

अमेरिकेत कॅसरोल घरोघरी पोचले ते विसाव्या शतकात, आणि त्यात कारखान्यांचा वाटा मोठा होता. १९१५मध्ये कॉर्निंग कंपनीने पायरेक्स या उष्णता सोसणाऱ्या काचेची भांडी बाजारात आणली. ओव्हनमधून थेट टेबलावर ठेवता येईल आणि बाहेरूनच कडा तांबूस झाल्या की नाही ते दिसेल, असे हे भांडे. १९३४मध्ये कॅम्पबेल कंपनीचे क्रीम घातलेले मशरूमचे डबाबंद सूप आले आणि त्याच वर्षी रिट्झ ही लोण्याच्या चवीची खारी बिस्किटे. सूप झाले तयार सॉस, बिस्किटांचा चुरा झाला वरचा थर. महायुद्धाच्या काळात, १९४३मध्ये, मांस, लोणी, चीज या सगळ्यांवर रेशन लागले तेव्हा थोड्या चीजमध्ये मोठे भांडे भरून सगळ्यांची पोटे भरण्याची ही रीत उपयोगी पडली. डब्यातल्या सूपामुळे पदार्थ खारट होतो आणि स्क्वॉशची स्वतःची चव दबते, हे खरेच. तरीही दिवसभर राबून आलेल्या बाईला त्या डब्याने जो वेळ मिळवून दिला, त्याचे मोल कमी लेखू नये असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा पदार्थ पिवळ्या उन्हाळी स्क्वॉशचा करतात : शिजवून निथळलेल्या चकत्या, कांदा, चेडर, अंडे, मेयोनेज किंवा आंबट क्रीम आणि वर बिस्किटांचा चुरा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो असतो. त्यासाठी उन्हाळ्यातले स्क्वॉश गोठवून ठेवतात. ज्या घरात मृत्यू झाला आहे किंवा बाळ जन्मले आहे, तिथे शेजारी असे भरलेले भांडे नेऊन देतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर आपले नाव लिहिलेले असते, म्हणजे रिकामे भांडे योग्य घरी परत येते.

आता प्रत्यक्ष करण्याकडे वळू. या पदार्थात जे काही बिघडते ते बहुतेक पाण्यामुळे. झुकिनीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असते, बटरनटमध्ये सुमारे ८६ टक्के. कच्च्या फोडी थेट सॉसमध्ये घातल्या की उष्णतेने पेशी फुटतात, पाणी सुटते, सॉस पातळ होतो आणि तळाशी फिकट पाण्याचे थारोळे साचते. वरचा थरही मग तांबूस होत नाही, कारण पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांवर चढत नाही आणि खरपूस रंग व वास देणाऱ्या मेयार अभिक्रियेला वेग येतो तो १४० अंशांच्या आसपास. म्हणून पाणी आधीच काढावे. कोवळ्या स्क्वॉशच्या चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवावे आणि स्वच्छ फडक्यात दाबून पिळावे. जून स्क्वॉशच्या साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी तेल-मीठ लावून, एकमेकींना न चिकटता पसरून, २०० ते २२० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजाव्यात. पाणी वाफ होऊन जाते, साखर एकवटते आणि कडा खमंग होतात. वेळ वाचवण्यासाठी पाण्यात उकडणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे : जे घालवायचे तेच आपण आत भरतो. स्पॅगेटी स्क्वॉश भाजल्यावर त्याच्या शेवया काट्याने मोकळ्या करून निथळत ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळा लगदा होतो. टोमॅटोसारखे आंबट घटक घालायचे असतील तर ते फोडी मऊ झाल्यावरच घालावेत, कारण आंबटपणामुळे पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि फोडी कचकचीत राहतात.

सहा माणसांसाठी सव्वा ते दीड किलो बटरनट, अर्धा लिटर दूध, ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा आणि १५० ते २०० ग्रॅम चीज पुरते. लोण्यावर मैदा मंद आचेवर, रंग न येऊ देता, कच्चा वास जाईपर्यंत परतावा. मग दूध थोडे थोडे घालून घोटत राहावे. सॉसला उकळी फुटल्याशिवाय मैद्याचे दाणे पुरते फुगत नाहीत, म्हणून उकळीनंतरही तीन-चार मिनिटे तो शिजवावा. हा बेशामेल, त्यात ग्रुयेर आणि पार्मेझान मिसळले की मोर्ने. किसलेले जायफळ चिमूटभर, जास्त नको. सेज किंवा थाइमची पाने लोण्यात आधी परतली तर त्यांचा वास सॉसभर पसरतो. लसूण ठेचून भांड्याला आतून चोळण्याची फ्रेंच पद्धतही तितकीच चांगली.

चीज कोणते घ्यायचे ते आवडीवर जितके, तितकेच रसायनावर अवलंबून असते. रेनेट (दूध जमवणारे विकर) लावून केलेल्या चीजमध्ये केसीन प्रथिनांचे जाळे कॅल्शियमने बांधलेले असते. तापवल्यावर आधी त्यातली स्निग्धता वितळते, मग जाळे सैल होऊन चीज वाहू लागते : मऊ चीज सुमारे ५५ अंशांना, चेडर सुमारे ६५ना, सुके किसलेले पार्मेझान ८० अंशांच्या पुढे. आम्ल घालून फाडलेल्या दुधाच्या पनीरसारख्या चीजमध्ये ही कॅल्शियमची बांधणी नसते, म्हणून ते तापवले तरी वितळत नाही. आच फार झाली की केसीनचे तंतू आकसतात, तेल बाहेर पडते आणि मागे चिवट गोळा उरतो. सॉसमधला मैदा नेमके हेच टाळतो, कारण स्टार्च प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवतो. त्यामुळे चीज भांडे विस्तवावरून उतरवल्यावर सॉसमध्ये मिसळावे, पुन्हा उकळू नये. पाकिटातल्या किसलेल्या चीजला दाणे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. ते चालते, पण ठोकळा आणून घरी किसलेले जास्त एकजीव होते. स्क्वॉशच्या गोडीला तोड म्हणून मुरलेले, खारट चीज हवेच. नुसते मोझारेला घातले तर तार चांगली सुटते आणि चव मात्र सपाट राहते.

भाजलेल्या फोडी, सॉस आणि थोडे चीज एकत्र करून लोणी लावलेल्या भांड्यात चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर न होईल असे पसरावे. पसरट भांड्यात खरपूस थर अधिक वाट्याला येतो. वर उरलेले चीज आणि लोण्यात घोळवलेला ब्रेडचा चुरा भुरभुरावा. १९० अंशांवर २५ ते ३५ मिनिटांत कडांना बुडबुडे येऊ लागतात. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे हात लावू नये; तेवढ्यात सॉस आळतो आणि वाढताना वाटा सुबक निघतो.

प्रत्येक ठिकाणी दुधाचा सॉस असतोच असे नाही. प्रोव्हान्समध्ये बारीक फोडी मैद्यात, लसूण-पार्स्लीत घोळवून, ऑलिव्ह तेल सोडून मंद आचेवर दोन-अडीच तास भाजतात. तो संयम ज्याला जमतो त्याला सॉसची उणीव भासत नाही. जर्मनीत होक्काइडो जातीचे केशरी स्क्वॉश सालीसकट वापरतात, कारण त्याची साल शिजून मऊ होते. जपानमध्ये काबोचाचे ग्रातँ शरद आणि हिवाळ्यात घरोघरी होते. तिथे हिवाळी अयनदिनी काबोचा खाण्याची जुनी प्रथाही आहे.

स्क्वॉशच्या केशरी रंगामागे बीटा कॅरोटीन असते. शरीर त्याचे जीवनसत्त्व 'अ' करते, आणि ते स्निग्धतेबरोबर चांगले शोषले जाते. संपृक्त मेद आणि मीठ मात्र चीजमुळे बरेच पोटात जाते, तेव्हा सॉसमध्ये मीठ चीज मिसळून चव घेतल्यावरच घालावे.

एक इशारा महत्त्वाचा. चिरताना कच्च्या गराचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागला तर थुंकावा आणि अख्खे फळ टाकून द्यावे. कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. ते शिजवून नष्ट होत नाही, चीजखाली लपत नाही, आणि त्याने उलट्या व जुलाबांचा तीव्र त्रास होतो.

उरलेले कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. गरम करताना आतले तापमान ७४ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. आधी झाकून ऊब आत पोचू द्यावी, मग झाकण काढून वर थोडा नवा ब्रेडचा चुरा टाकावा आणि पाच-सात मिनिटे उघडेच भाजावे, म्हणजे मऊ पडलेल्या थराला पुन्हा खरवड धरते.