लिनक्सवरचे गेम आणि ‘नेटिव्ह’ या शब्दाचा गुंता

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत खेळणाऱ्यांमधला लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. साहजिकच लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. २०१८ च्या मध्यावर हा वाटा १ टक्क्याच्याही खाली होता, आणि विंडोजला कंटाळलेल्यांची तेव्हाही कमी नव्हती. लिनक्स टाकायची त्यांची तयारी होती, पण गेम सोडवत नव्हते. म्हणून अनेकांच्या संगणकावर विंडोजचं एक पार्टिशन वर्षानुवर्षं फक्त गेमसाठी राखून ठेवलेलं असायचं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ‘डूम’ १९९४ मध्येच लिनक्सवर आला होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या एका अमेरिकी कंपनीने विंडोजचे नावाजलेले गेम लिनक्ससाठी पोर्ट करून, म्हणजे तिथे चालतील असे नव्याने बांधून, खोक्यात विकले आणि २००२ च्या जानेवारीत ती बंद पडली. तिच्या मुख्य प्रोग्रॅमरने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी (वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) मात्र आजही असंख्य गेमच्या पोटात आहे. दुसरी वाट वाईनची, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. तिची सुरुवात १९९३ ची. २००२ मध्ये वाईनचा परवाना बदलून एलजीपीएल, म्हणजे सुधारणा खुल्या ठेवायला लावणारा, करण्यात आला, कारण एक कंपनी वाईनचाच कोड घेऊन त्यावर गेमसाठीचं बंदिस्त उत्पादन विकत होती आणि केलेल्या सुधारणा परत देत नव्हती. त्या वेळी हा वाद फक्त प्रोग्रॅमरांच्या वर्तुळात गाजला. पण पुढच्या सगळ्या सुधारणा एकाच सामायिक झाडाला येत राहिल्या, त्याचं मूळ या निर्णयात आहे असं मला वाटतं.

२०१३ च्या फेब्रुवारीत स्टीम लिनक्सवर आलं. विंडोज ८ सोबत आलेल्या अंगभूत दुकानामुळे स्टीमच्या कंपनीला आपला धंदा धोक्यात दिसत होता. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम मशिन्स ही गेमसाठीची यंत्रं बाजारात आली. वेगवेगळ्या उत्पादकांची, वेगवेगळ्या किमतींची, आणि सगळ्यांवर लिनक्स. ती चालली नाहीत. आपल्या आवडीचा गेम त्यावर नाही, हे गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत कळायचं.

कारण त्या काळात सगळी भिस्त नेटिव्ह पोर्टवर, म्हणजे खास लिनक्ससाठी बांधलेल्या आवृत्तीवर होती. आणि या ‘नेटिव्ह’ शब्दाने जेवढा घोळ घातला, तेवढा दुसऱ्या कशानेही घातला नाही.

२०१४ मध्ये ‘द विचर २’ लिनक्सवर आला. स्टीमवर त्याच्या पानावर लिनक्सचं चिन्ह होतं, म्हणजे अधिकृत आवृत्ती. गेम मात्र रखडत चालला, आणि लोकांनी आत डोकावल्यावर लक्षात आलं की मूळ विंडोजच्या कोडवर भाषांतराचा एक थर चढवून तो विकला आहे. मोठा गदारोळ झाला. हा पोर्टच नव्हे, फसवणूक आहे, असं म्हणण्यापर्यंत मजल गेली. पोर्ट करणाऱ्यांनी पुढे त्याचा वेग पुष्कळ सुधारला, पण डाग राहिला. खरं तर त्या काळातल्या बऱ्याच पोर्टमध्ये डायरेक्टएक्सचं (विंडोजची ग्राफिक्सची व्यवस्था) ओपनजीएलमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच व्यवस्था) रूपांतर करणारा काही ना काही थर असायचाच. कुणी तो बांधणी करताना जोडायचं, कुणी गेम चालू असताना. मग नेटिव्ह कशाला म्हणायचं? फाईल लिनक्सची असली की झालं, की आतला प्रत्येक कॉल (सिस्टिमकडे केलेली मागणी) लिनक्ससाठी लिहिलेला हवा?

एक गट ठाम होता: लिनक्सची आवृत्ती नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. विंडोजची आवृत्ती विकत घेऊन वाईनवर चालवली तर विक्रीच्या हिशेबात आपण विंडोजवाले म्हणून मोजले जाऊ, मग कंपन्या लिनक्सचा विचार कशाला करतील? हे म्हणणं रास्त होतं, आणि मी स्वतः बरीच वर्षं त्या बाजूने होतो.

२०१८ च्या २१ ऑगस्टला प्रोटॉन जाहीर झालं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा हा संच: वाईन आणि त्याच्या जोडीला ग्राफिक्सचं भाषांतर करणारं डीएक्सव्हीके, सगळं स्टीममध्येच बसवलेलं. तपासून मान्यता दिलेले गेम सुरुवातीला फक्त २७ होते, पण सेटिंगमध्ये एक खूण केली की बाकीचेही लावून बघता यायचे. त्या एका खुणेने सगळं बदललं. डीएक्सव्हीकेची जन्मकथा तर विलक्षण आहे. एका प्रोग्रॅमरला ‘नीअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता आणि वाईनमध्ये तो धड चालत नव्हता. त्याने डायरेक्टएक्स ११ चे कॉल व्हल्कन या नव्या, खुल्या ग्राफिक्स व्यवस्थेत बदलणारा कोड स्वतः लिहायला घेतला, आणि काही महिन्यांत स्टीमच्या कंपनीने त्याला त्याच कामासाठी कंत्राटावर घेतलं. २०१६ मध्ये व्हल्कन आलं नसतं तर हे जमलं नसतं. ओपनजीएलवर असं भाषांतर करताना प्रोसेसरचीच दमछाक व्हायची.

ज्याची भीती होती, तेही घडलं. पोर्ट येणं झपाट्याने कमी झालं. २०२० च्या मार्चमध्ये ‘रॉकेट लीग’ची लिनक्स आणि मॅकची आवृत्ती बंद करण्यात आली. लिनक्सवाल्यांनी विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर टाकली आणि खेळत राहिले. नेटिव्हवाल्या गटाला यात आपला पराभव दिसला. मला त्यात दुसरंच काही दिसलं, आणि ते माझ्याच संगणकावर.

दहाएक वर्षांपूर्वी घेतलेला, अधिकृत लिनक्स पोर्ट असलेला रेसिंगचा एक गेम मी परत टाकला. ‘प्ले’ दाबलं की बटण क्षणभर बदलायचं आणि पुन्हा ‘प्ले’ व्हायचं, बास. टर्मिनलमधून चालवल्यावर कळलं की त्याला हवी असलेली लायब्ररी आता कुठल्याच डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचात) त्या आवृत्तीत मिळत नाही. मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीच्या पानावर जाऊन प्रोटॉन निवडलं. विंडोजची आवृत्ती उतरली, शेडर (ग्राफिक्ससाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होईपर्यंत दोनेक मिनिटं थांबावं लागलं आणि गाडी रस्त्यावर आली. नंतर मी फाईली उघडून बघितल्या. ‘कम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये प्रत्येक गेमच्या क्रमांकाचं एक फोल्डर असतं. त्याच्या आत ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’. प्रत्येक गेमला आपापलं एक छोटंसं विंडोज मिळालेलं असतं आणि त्यातली एकही फाईल मूळ विंडोजमधून उचललेली नसते.

म्हणजे लिनक्सवर जास्त टिकाऊ ठरली ती विंडोजची आवृत्ती. हा योगायोग नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.३६ या आवृत्तीत लायब्ररीतली नावं शोधण्याचा एक जुना तक्ता गाळला गेला. नवा तक्ता २००६ पासून उपलब्ध होता, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या निर्णयात चूक काढता येत नव्हती. पण ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारी एक मोठी अँटी-चीट प्रणाली जुन्याच तक्त्यावर विसंबून होती, आणि अपडेट केल्याबरोबर कित्येकांचे गेम बंद पडले. काही डिस्ट्रोंनी जुना तक्ता स्वतःहून परत घातला. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बाहेरच्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द कसोशीने पाळतं, वरच्या लायब्ऱ्या पाळत नाहीत. लिनक्सवरचा सर्वांत स्थिर पाया म्हणजे विंडोजचा विन३२ (प्रोग्रॅमनी विंडोजशी बोलायची ठरलेली पद्धत), असं तेव्हापासून लोक उघडपणे म्हणू लागले, आणि त्यांना उत्तर देणं अवघड आहे. स्टीमने जुन्या लायब्ऱ्यांचा संच कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात, बांधून पोर्टसाठीही सोय केली आहे. ती वापरून नीट केलेले पोर्ट उत्तम चालतात, पण तसे मोजकेच.

२०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा, लिनक्सवर चालणारा संगणक आला, आणि खरेदी करताना ‘लिनक्स घेतोय’ हे मनातही नसलेली माणसं लिनक्सवर खेळू लागली. भारतात तो अधिकृतपणे विक्रीला आलेला नाही. इथे दिसणारे बहुतेक डेक कुणीतरी परदेशातून आणलेले किंवा आयात करणाऱ्यांकडून चढ्या भावाने घेतलेले असतात.

आता अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपाशी. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दोन प्रमुख अँटी-चीट प्रणालींनी प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक प्रकाशकाच्या हाती ठेवलं. अनेकांनी केला, अनेकांनी नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ लिनक्सवर अडीच वर्षांहून जास्त काळ व्यवस्थित चालत होता. २०२४ च्या ३१ ऑक्टोबरला तो बंद करण्यात आला. लिनक्सच्या मोकळेपणामुळे चीट पकडणं कठीण जातं, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य आहे: ज्याला कर्नलच बदलता येतं, त्याच्या संगणकावर पहारा कशाच्या जोरावर ठेवणार? पण विंडोजमध्ये कर्नलपर्यंत शिरूनही चीट थांबलेले नाहीत, आणि या निर्णयाने प्रामाणिकपणे खेळणारे एका दिवसात बाहेर पडले. त्यांचा गेम बिघडला नव्हता, त्यांना दार लावलं गेलं होतं.

दरम्यान शब्दांचा गुंता वाढतोच आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.१४ या कर्नलमध्ये एनटीसिंक आलं. विंडोजचे थ्रेड (प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांसाठी जसे थांबतात, हुबेहूब तसंच वागणारा हा ड्रायव्हर खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या स्टीम मशिनबरोबर जाहीर झालेल्या ‘फ्रेम’ या व्हीआर हेडसेटमध्ये एआरएम, म्हणजे मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा, प्रोसेसर आहे. वाईनच्या नावाचा अर्थच ‘हा एम्युलेटर नाही’ असा सांगितला जातो, आणि ते खरंही आहे, कारण गेम आणि संगणक दोघांचा प्रोसेसर आजवर सहसा एकाच जातीचा असायचा. फ्रेमवर मात्र प्रोटॉनच्या जोडीला फेक्स नावाचा, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर लागतो.