कालवड माजावर का येत नाही?

दोन वर्षं उलटली तरी कालवड, म्हणजे अजून न व्यालेली तरुण गाय, माजावर येत नाही, म्हणून डॉक्टरांना बोलावलं जातं. ते तपासून सांगतात की गर्भाशय अजून लहान आहे आणि बीजांडं काम करत नाहीत. मग खनिज मिश्रण, इंजेक्शनं, मोड आलेलं कडधान्य असे उपाय एकामागून एक सुरू होतात. दुखणं मात्र बहुतेक वेळा दीड वर्ष जुनं असतं. दूध तोडल्यावर पुढचे सहा-सात महिने तिच्या गव्हाणीत काय पडत होतं, तिथे त्याचं मूळ सापडतं.

कालवड वयात येते ती वाढदिवस मोजून नव्हे, वजन गाठून. पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के वजन झालं की पहिला माज दिसतो. शरीरात पुरेसा साठा आहे, ही खबर लेप्टिनसारख्या संप्रेरकांमार्फत मेंदूला पोचते आणि मग बीजांडांना जाग येते. भरवायची, म्हणजे गाभण करायची, ती ५५ ते ६० टक्के वजनाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांतली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय ४५० किलोची धरली, तर हा आकडा २५० ते २७० किलो होतो.

आता थोडा हिशेब. चोविसाव्या महिन्यात गाय व्यायला हवी असेल तर पंधराव्या महिन्यात ती गाभण राहिली पाहिजे. जन्मतः ३० किलोचं वासरू ४५० दिवसांत २६० किलोचं व्हायचं, म्हणजे रोज सरासरी ५१० ग्रॅम वाढ झाली पाहिजे. ती ३०० ग्रॅमवर अडकली तर तेच वजन गाठायला पंचवीस महिने लागतात आणि पहिलं वेत चौतिसाव्या महिन्यानंतर येतं. दहा महिन्यांचा चारा, मजुरी, औषधपाणी असं वाढत जातं आणि हातात दुधाचा थेंब नाही. तरीही ही तूट कुणाच्या वहीत दिसत नाही, कारण दूध न देणाऱ्या जनावराचा खर्च बहुतेक जण वेगळा मांडतच नाहीत.

वाढ अडते कुठे, हे कळायला पोटात डोकवावं लागेल. जन्मतः वासराच्या चार कप्प्यांपैकी चौथा, म्हणजे खरं जठर, सर्वांत मोठा असतो. दूध थेट तिथेच उतरतं. मोठ्या गायीत मात्र पोटाचा बहुतांश भाग पहिल्या कप्प्याने, कोठीपोटाने व्यापलेला असतो. हा बदल आपोआप होत नाही. वासराने भरडा किंवा काफ स्टार्टर (वासरांसाठीचा खास खुराक) खाल्लं की कोठीपोटातले जिवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लामुळे आतल्या अस्तराला बोटांसारखे बारीक उंचवटे फुटतात आणि अन्न शोषलं जातं ते त्यांच्यातूनच. सुक्या चाऱ्याने कोठीपोटाचा आकार आणि स्नायू वाढतात, उंचवटे मात्र खुराकानेच. म्हणून वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खाऊ लागलं की मगच दूध तोडावं, असा नियम सांगतात. तिसऱ्या महिन्यातही ही भट्टी पूर्ण पेटलेली नसते, आणि नेमक्या त्याच वेळी दूध बंद, खुराक बंद, जागा बदललेली आणि दावणीला मोठ्या कालवडींची गर्दी. सगळं एकाच आठवड्यात! दूध तोडल्यावर निदान दोन आठवडे तोच खुराक, तीच जागा आणि तीच सोबत ठेवली तर वजन फारसं घसरत नाही.

पुढचा फटका चाऱ्याचा. गाळप हंगामात आपल्याकडे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, स्वस्तात मिळतं आणि ते सगळ्यांत आधी जातं कालवडींपुढे. दुभत्या गायींसाठी मका, मुरघास आणि पेंड. वाढ्यात प्रथिनं जेमतेम पाच-सहा टक्के, कडब्यात त्याहूनही कमी. तीन ते सहा महिन्यांच्या कालवडीच्या एकूण आहारात मात्र ती सोळा टक्क्यांच्या आसपास हवीत. शिवाय वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, तेही नेमकं हाडं वाढायच्या वयात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात ती यासाठीच. रोज दीड ते दोन किलो खुराक, थोडा लसूणघास, खनिज मिश्रण आणि त्यासोबत सुकी वैरण असेल तर वाढं चालतं. एकट्या वाढ्यावर कालवड फक्त जगते. सहा महिन्यांच्या आत युरिया घातलेला चारा किंवा खाद्य मात्र देऊ नये. त्यापासून प्रथिनं बनवणारे जिवाणू या वयात पुरेसे तयार नसतात, आणि युरियाची विषबाधा जीवघेणी असते.

‘पोट कसं छान भरलंय बघा,’ असं कालवडीकडे बोट दाखवून सांगणारे अनेक भेटतात. सुटलेलं पोट, वर आलेली पाठीची हाडं आणि राठ केस एकत्र दिसले तर ती तब्येत नव्हे. निकस चारा पचायला वेळ लागतो, तो पोटात साचत राहतो. किंवा मग जंत झालेले असतात. दर तिमाहीला डोळे मिटून औषध पाजण्यापेक्षा शेणाची तपासणी करून जंतनाशक दिलेलं बरं. दूध तोडण्याच्या ताणात काही वासरांना रक्तमिश्रित हगवण लागते. तिच्यामागे बहुधा कॉक्सिडिया हे एकपेशीय जीव असतात आणि नेहमीच्या जंतनाशकाने ते जात नाहीत.

याच काळातली एक लस हमखास राहून जाते. सांसर्गिक गर्भपाताची म्हणजे ब्रुसेलोसिसची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच दिली जाते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. लस जिवंत जिवाणूंची असते आणि माणसालाही बाधू शकते, म्हणून ती पशुवैद्यकाच्याच हातून टोचून घ्यावी.

इथवर वाचून कुणी कालवडीपुढे भरड्याचं पोतं मोकळं करील, म्हणून दुसरी बाजू. तिसऱ्या ते नवव्या महिन्यादरम्यान कासेतल्या दुधाच्या ग्रंथींची वाढ बाकीच्या शरीरापेक्षा कितीतरी वेगाने होते. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठातल्या सिन्हा आणि टकर यांनी १९६९ साली मोजून दाखवलं, की हा वेग शरीराच्या साडेतीन पट असतो. या काळात निव्वळ ऊर्जेचा मारा झाला तर कासेत चरबी साठते आणि ग्रंथी कमी पडतात, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. नंतरच्या अभ्यासकांनी जरा वेगळा अर्थ लावला: फार खाऊन कालवड लवकर वयात येते, त्यामुळे त्या जलद वाढीचे महिनेच कमी होतात. कारण कुठलंही धरा, रोज ७०० ते ८०० ग्रॅमच्या पुढे वजन पळवण्यात फायदा नाही. धान्य वाढवण्याआधी प्रथिनं पुरेशी आहेत का, हे पाहावं. त्यांनी उंची आणि हाड वाढतं, नुसत्या मक्याने चरबी.

हे सारं वजनावर अवलंबून, आणि वजनकाटा तर गोठ्यात नसतो. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात मोजायची. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून ६६० ने भागलं की अंदाजे किलो मिळतात. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर २७३ किलो. माप सकाळी, वैरण टाकण्यापूर्वी घ्यावं आणि दर महिन्याला लिहून ठेवावं. २७३ किलोची कालवड चौदाव्या महिन्यात माजावर आली तर वय कमी म्हणून माज वाया घालवू नये. वीस महिन्यांची पण १९० किलोचीच असेल, तर माज दिसला तरी भरवायचं टाळावं. कटीचं हाड अरुंद राहिलेली कालवड विताना अडते.