हत्तीच्या कवटीत शिरणारी बारीक गोळी

हस्तिदंतासाठी १८७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत उतरलेला इंग्रज शिकारी फ्रेडरिक सेलू सुरुवातीला ‘फोर-बोअर’ बंदूक वापरायचा. एक पौंड शिशातून चारच गोळ्या व्हाव्यात, एवढी रुंद नळी. म्हणजे एकेक गोळी सुमारे ११३ ग्रॅमची. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याच्या आसपास भाग घनरूपात उरतो, म्हणून धूर फार आणि गोळीला वेग बेताचा. वेग वाढत नाही म्हटल्यावर शिकाऱ्यांनी वजन वाढवलं. त्याची किंमत खांद्याने मोजली. या बंदुकीच्या दणक्यांनी आपला नेम बिघडला, ही सेलूची तक्रार पुढेही कायम राहिली.

१८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर (हो, थर्मासच्या बाटलीमागचा तोच ड्यूअर) यांनी कॉर्डाइट ही बंदुकीची नवी दारू तयार केली. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला स्फोटक कापूस) आणि ५ टक्के व्हॅसलीन. हे मिश्रण जवळजवळ सगळंच वायू होऊन जातं. १८९८ च्या सुमारास लंडनच्या रिग्बी या बंदूक कंपनीने त्यावर .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस काढलं (हा आकडा म्हणजे इंचातला व्यास) : ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेग. सेलूच्या गोळीच्या जेमतेम पाव वजनाची ही गोळी हत्तीला पुरून उरत होती.

उन्हाचा त्रास मात्र होता. तापलेलं कॉर्डाइट जास्त दाब निर्माण करतं, मग काडतुसाचं पितळी कवच फुगून नळीत अडकतं. रिग्बीच्या १९११ च्या .४१६ काडतुसाचं कवच ऐसपैस आहे ते दाब आटोक्यात राहावा म्हणून. १९०७ मध्ये वेगळीच अडचण आली. बंडखोरांच्या हाती दारूगोळा पडेल या धास्तीने ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. बंदुकवाल्यांनी व्यास किंचित वाढवून .४७० आणि .४६५ काढल्या, आणि त्या आफ्रिकेतही रुळल्या.

या सगळ्या जाडजूड मंडळींना खोटं पाडलं ते डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश माणसाने. हजाराहून अधिक हत्ती त्याने मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. गोळी अवघी ११ ग्रॅमची! आकडा चक्रावतो, पण गोळी किती खोल जाते हे नुसत्या वजनावर ठरत नाही. समोरून दिसणाऱ्या तिच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती वजन आहे, हे पाहावं लागतं. फोर-बोअरच्या गोल गोळीत ते सुमारे २० ग्रॅम, बेलच्या लांबट गोळीत २७. शिवाय शिसं आदळल्यावर चपटं होतं, तर कठीण धातूने मढवलेली गोळी आकार टिकवून सरळ आत जाते. हत्तीची कवटी अवाढव्य असली तरी तिचं हाड मधाच्या पोळ्यासारखं पोकळ कप्प्यांचं असतं, आणि मेंदू त्यात बराच मागे, खाली दडलेला. तो नेमका कुठे हे कळावं म्हणून बेलने कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती.

नेम चुकला तर मात्र ही बारीक गोळी हत्तीला थोपवत नाही. जाड गोळी मेंदूच्या शेजारून गेली तरी हत्ती क्षणभर भोवळतो. दाट झाडीत अंगावर येणाऱ्या जनावरासमोर उभं राहायची वेळ आली, की बेलचे समकालीन दुनळी .४७० च उचलायचे.