सेलमधली तरंगलांबी सरकली: तापमान वाढलं की फायबर ताणलं गेलं?

लिथियम-आयन सेलमध्ये बसवलेलं ब्रॅग ग्रेटिंग (काचेच्या बारीक ऑप्टिकल फायबरमध्ये कोरलेली सूक्ष्म पट्ट्यांची रचना) थेट तापमान सांगत नाही. ते एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतं, आणि ती तरंगलांबी काच तापली तरी सरकते, ताणली गेली तरी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या ग्रेटिंगला एका अंशाला साधारण १० पिकोमीटर (नॅनोमीटरचा हजारावा भाग), एका मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग इतक्या ताणाला, १.२. म्हणजे आठेक मायक्रोस्ट्रेनचा ताण आला की वाचनात एक अंश फुकटचा वाढतो.

त्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. चार्जिंगमध्ये सेल तापतो, आणि त्याच वेळी ऋण इलेक्ट्रोडमधलं ग्रॅफाइट आकारमानाने सुमारे १० टक्के फुगतं. थरांमध्ये दाबलेलं फायबर त्याबरोबर ओढलं जातं.

ओळखायचं कसं? चार्जिंग थांबवा, सेल स्थिर तापमानाच्या चेंबरमध्ये तासभर तसाच ठेवा. समजा परत येणाऱ्या प्रकाशाचं शिखर २४० पिकोमीटर सरकलं होतं आणि विश्रांतीनंतर ९० वर येऊन थांबलं. उतरलेले १५० म्हणजे १५ अंशांची उष्णता. उरलेले ९० म्हणजे ७५ मायक्रोस्ट्रेन. उष्णता निघून जाते, फुगवटा मात्र चार्ज असेपर्यंत बहुतेक टिकतो. थेट २४ अंश वाढ नोंदवणारे इथेच फसतात.

फक्त तापमान हवं असेल तर फायबर एका टोकाला बंद असलेल्या काचेच्या बारीक नळीत (कॅपिलरीत) सैल ठेवा. आतलं टोक मोकळंच हवं. दोन्ही टोकं इपॉक्सीने पक्की केली की ताण परत आलाच. हवेच्या पोकळीमुळे प्रतिसाद जरा मंदावतो, पण सेल मिनिटांच्या हिशेबात तापतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. १८६५० या दंडगोल सेलमध्ये इलेक्ट्रोडच्या गुंडाळीच्या मधली पोकळी ही सोयीची जागा.

कवचावर चिकटवलेल्या ग्रेटिंगला १० चा आकडा लावू नका. ॲल्युमिनियमचं कवच काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावतं आणि फायबरला सोबत ओढतं. पक्कं चिकटलं असेल तर अंशाला ३५ पिकोमीटरच्या पुढे जातं. कॅलिब्रेशन बसवल्यानंतरच करा, प्रत्येक पायरीवर वाचन स्थिरावेपर्यंत थांबून.

एका शिखराची दोन झाली तर फायबर बाजूने चिरडलं जातंय. इंटरोगेटर (तरंगलांबी वाचणारं उपकरण) एका शिखरावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तापमान क्षणात काही अंश हललेलं दिसतं. अशा वेळी गणिताने दुरुस्ती करत बसू नका, बसवण्याची जागा बदला.

दोन्ही मोजायचं असेल तर एक सैल आणि एक चिकटवलेलं ग्रेटिंग शेजारी बसवा. सैल तापमान देतं. ते चिकटवलेल्याच्या गुणांकाने (अंशाला किती पिकोमीटर) गुणून त्याच्या सरकण्यातून वजा केलं की स्ट्रेन उरतो. दोघांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर सेलमधला तापमानाचा उतारच स्ट्रेन म्हणून मोजला जाईल.