पार्सल मागवताना थोडं लक्ष द्या

नमस्कार. या खोक्यात तुमचा सुती कुर्ता आहे. तो घालून बघण्याआधी हे पत्रक वाचाल, तर बरं होईल.

ऑनलाइन खरेदीने प्रदूषण कमी होतं, असं म्हणतात. ज्या शहरांत प्रत्येक जण खरेदीला स्वतःची कार काढतो, तिथे ते पटतं. तेवढ्या गाड्यांऐवजी एकच टेम्पो घरोघर फिरतो. पण मुंबईत आपण ऑफिसातून परतताना दादरला उतरतो, फुटपाथवरून चालत दुकान गाठतो आणि लोकलनेच घरी जातो. त्या खरेदीसाठी वेगळं पेट्रोल जळत नाही. तेव्हा तो हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

आमच्या मते खरं नुकसान परत येणाऱ्या मालाने होतं. ‘दोन मापं मागवू, एक परत करू’ असं ठरवलं, की एक कुर्ता विनाकारण मुंबईभर फिरतो. त्याची घडी पुन्हा घालावी लागते, पिशवी नवी लागते आणि इंधन दोनदा जळतं. म्हणून मागवण्याआधी तुम्हाला नीट बसणारा एखादा कुर्ता पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा. तो आकडा आमच्या तक्त्यातल्या ‘तयार कुर्त्याची छाती’ या रकान्याशी ताडून पाहा. अंगाचं माप घेऊन ताडलंत, तर कुर्ता हमखास घट्ट होतो.

दुसरा प्रश्न वेष्टणाचा. २६ जुलै २००५ च्या पुरात नाले तुंबले, त्याला प्लास्टिकच्या पिशव्याही कारण होत्या. २०१८ मध्ये राज्याने अशा पिशव्यांवर बंदी घातली. बाजारातली पिशवी कमी झाली, पण कुरिअरची पिशवी दारात येऊ लागली, याचं आम्हाला वाईट वाटतं. आम्ही पुठ्ठ्याचा खोका आणि कागदी टेप वापरतो. खोका उघडून सपाट करा आणि पावसाळ्यात आवर्जून कोरडा ठेवा. भिजलेला पुठ्ठा रद्दीवाला सहसा घेत नाही. ओल्या कचऱ्यात तर टाकूच नका.

घाई नसेल तर दोन-तीन वस्तू एकत्र मागवा, आम्ही एकाच खोक्यात पाठवू. दिवसा घरी कोणी नसतं, तर शेजाऱ्यांचं किंवा वॉचमनचं नाव ऑर्डरमध्येच लिहा, म्हणजे डिलिव्हरीवाल्याची फेरी फुकट जाणार नाही. दुकानावरून जाणं झालंच, तर धड असलेले खोके आणून द्या. त्यांतूनच आम्ही पुढची पार्सलं पाठवतो.