स्वादुपिंडातील गाठींचे प्रकार

स्वादुपिंडातील गाठ कोणत्या पेशीपासून वाढली, यावरून तिचा प्रकार ठरतो आणि रुग्णाचे पुढे काय होणार हेही बरेचसे त्यावरच ठरते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘स्वादुपिंडात गाठ’ एवढे वाचूनच घरच्यांचे अवसान गळते. पण निरुपद्रवी पाण्याच्या पिशवीपासून अत्यंत घातक कर्करोगापर्यंत सगळ्याला गाठच म्हणतात.

स्वादुपिंडाच्या दर दहा कर्करोगांपैकी सुमारे नऊ पाचकरसाच्या नलिकांच्या अस्तरातून उद्भवतात. हा डक्टल अ‍ॅडिनोकार्सिनोमा. बहुतेकांत केआरएएस हे जनुक बिघडलेले असते. १५ ते २० टक्के रुग्णांतच निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असते आणि पाच वर्षे जगणारे साधारण दहात एक. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे (रुंद टोकाकडे) असेल तर पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होते. पोट फारसे दुखत नाही, अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाला पांढुरके होते. सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, काविळीवर आधी झाडपाल्याचे औषध घेतात. विषाणूची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. गाठीची कावीळ मात्र वाढतच जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ हातची जाते. पन्नाशीनंतर अशी कावीळ झाली तर तपासणीला एक आठवडाही थांबू नये. शेपटीकडची (निमुळत्या टोकाची) गाठ सहसा कावीळ करत नाही. पाठदुखी, वजन घटणे किंवा उतारवयात अचानक जडलेला मधुमेह एवढीच तिची खूण असते, त्यामुळे ती उशिरा सापडते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट असतो. विडी उद्योगावर हजारो घरे चालणाऱ्या सोलापुरात हे ठासून सांगायला हवे. जुनाट स्वादुपिंडदाह, लठ्ठपणा आणि बीआरसीए २ सारख्या जनुकांतले आनुवंशिक दोषही धोका वाढवतात.

संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींच्या न्यूरोएंडोक्राइन गाठी सहसा सावकाश वाढतात. किती टक्के पेशी विभाजन पावत आहेत हे सांगणारा केआय-६७ हा निर्देशांक ३ टक्क्यांखाली असेल तर पहिली, म्हणजे सर्वांत सावकाश वाढणारी श्रेणी, २० च्या वर तिसरी. यांतली इन्सुलिन स्रवणारी इन्सुलिनोमा दहांपैकी नऊ वेळा साधी, म्हणजे कर्करोग नसलेली असते. तिची लक्षणे: उपाशीपोटी घाम, थरथर, भ्रम आणि साखर खाताच आराम.

द्रव भरलेल्या गाठींपैकी सिरस (पातळ द्रवाचा) प्रकार जवळजवळ कधीच कर्करोगात बदलत नाही. म्युसिनस (चिकट द्रवाची) गाठ बहुतांशी स्त्रियांत होते आणि कर्करोगात बदलू शकते. आयपीएमएन, म्हणजे नलिकांच्या अस्तरातून वाढणारी चिकट द्रवाची गाठ, मुख्य नलिकेत असेल तर धोका मोठा, उपनलिकेत असेल तर बराच कमी. तिथे अनेकदा ठरावीक काळाने एमआरआय करत राहणे पुरते. तरुण मुलींत दिसणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ आकाराने धडकी भरवते, पण काढल्यावर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला कर्करोग रुग्णालय असून १९८७ पासून तिथे ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते; अशी नोंदणी भारतात प्रथम तिथेच झाली. दुसऱ्या मतासाठी पुण्या-मुंबईला जाताना बायोप्सीचा फक्त कागद नव्हे, तर स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉकही सोबत न्यावेत, कारण प्रकाराची फेरतपासणी त्यांवरच होते.